टोपली वाजवू नकोस

१

तातिया चिमण्या विकायची. द्राक्षमळ्यांच्या बांधावर चिकटा फासलेल्या काड्या रोवायच्या, खाली राळ्याचे दाणे टाकायचे, अडकलेल्या चिमण्यांचे पाय तेलाच्या बोटानं सोडवायचे आणि त्या वेताच्या टोपलीत भरून, ऊन चढायच्या आत विवराच्या कठड्याशी जाऊन बसायचं. बारा वर्षं हेच. हिएरापोलिसला परगावचे लोक यायचे ते दोनच कारणांनी: गरम झऱ्यांत सांधे शेकायला आणि पाताळाच्या धन्याचं दार बघायला. दगडी पायऱ्यांवर बसायचे, चिमणी विकत घ्यायचे आणि कठड्यावरून आत भिरकावायचे. कठड्याच्या आत एक खोलगट अंगण, टोकाला विवराचं तोंड, आणि सगळीकडे पांढरी वाफ साचलेली. चिमणी वाफेत शिरली की गपकन खाली. बायका 'अगं आई गं!' करून तोंडावर हात घ्यायच्या आणि लगेच दुसरी चिमणी मागायच्या. माणसाची जातच मेली तशी.

मग बैल यायचा. बैलाच्या दोरीला तातियाचा धाकटा भाऊ मानेस असायचा. देवीला सोडलेला, म्हणून डोक्यावर उंच टोपी, कानात डूल, आणि हनुवटीवर केस नाही. तो बैलाला घेऊन वाफेत शिरायचा, थेट विवराच्या तोंडापर्यंत जायचा. बैल गुडघे टेकून मरायचा आणि मानेस चालत परत यायचा. पायऱ्यांवर नुसता हलकल्लोळ. पाताळाचा धनी आपल्या माणसाला ओळखतो, म्हणायचे लोक.

कसला धनी आणि कसलं काय! ती वाफ जड असते, खाली बसते. बैलाचं तोंड खाली, माणसाचं वर. अंगणात ती छातीपर्यंत येते, विवराच्या तोंडाशी मात्र डोक्यावरून जाते, तेवढ्या पंधरा पावलांत श्वास घ्यायचा नाही, एवढीच त्यातली करामत. पण आत गेलेल्या माणसाला आपला दम किती उरलाय ते कळत नाही. डोकं हलकं होतं, अजून थोडं थांबू, असं वाटतं, आणि तिथंच माणूस जातो. म्हणून मानेस आत शिरला की तातियाही श्वास धरायची. तिचा दम त्याच्यापेक्षा कमी. तो संपला की ती टोपलीच्या झाकणावर थाप मारायची. चिमण्या कलकलाट करायच्या. तो ऐकून मानेस मागे फिरायचा. लोकांना वाटायचं, बाई घाबरून टोपलीवर हात आपटते.

चिमण्या नावाला होत्या. श्वास धरणं हे तिचं खरं काम. आणि ते तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिनंच मागून घेतलं होतं. ती सोळा वर्षांची असताना तापानं फणफणली होती. वैद्यानं हात टेकले, तेव्हा आईनं देवीला नवस बोलला: पोर वाचव, मुलगा तुला सोडते. तातिया वाचली. चौदा वर्षांच्या मानेसला देवळात नेलं आणि तिथं त्याचं जे व्हायचं ते झालं. त्याबद्दल दोघं भावंडं कधी एक शब्द बोलली नव्हती.

२

त्या दिवशी बैल तांबडा होता. लाओदिकेआ गावच्या एका जाड्या बाईनं नुकतीच चिमणी फेकली होती आणि ती पडल्यावर 'बघितलंत का हो?' म्हणून नवऱ्याला ढोसत होती. मानेस बैलाला घेऊन विवराच्या तोंडाशी गेला. तातियानं श्वास धरला.

दम संपला. तिनं थाप मारली.

मानेस आला नाही. कधी कधी बैल आडवा पडायचा, वाट अडायची. तिनं पुन्हा थाप मारली. चिमण्या ओरडल्या. वाफेत काही हललं नाही. मग ती दोन्ही हातांनी टोपली बडवायला लागली. तिचे स्वतःचे नऊ श्वास झाले, दहा झाले. पायऱ्यांवरचे लोक आधी खूश होते, मग गप्प झाले. थोरला पुजारी ग्लीकोन कठड्याशी उभा होता. त्यानं तिच्याकडे बघितलं. त्याचंही तोंड उतरलं होतं.

आणि मानेस चालत बाहेर आला. सावकाश. गुडघ्यांना आणि कपाळाला विवरातला करडा चिखल लागलेला. म्हणजे हा खाली वाकला होता, जिथं मुंगीसुद्धा जगत नाही तिथं कपाळ टेकून आला होता. तो सरळ तातियाकडे आला आणि मूठ उघडून तिच्या हातात एक चिमणी ठेवली. डोळे उघडे असलेली, पायांवर उभी राहणारी.

"घे, ताई. ही तुझीच," तो म्हणाला. मग लोकांकडे वळला. "आत कुणीतरी आहे."

असा गलका झाला म्हणता! लोक उठून उभे राहिले, बोटांची चुंबनं घेऊन विवराकडे हात करायला लागले. ग्लीकोनच्या जिवात जीव आला. "धनी बोलला!" तो ओरडला. "ऐका हो, पाताळाचा धनी माझ्या माणसाशी बोलला!"

"नाही, बाबा," मानेस म्हणाला. त्याचा आवाज मोठा नव्हता, तरी वरच्या पायरीपर्यंत गेला. "बारा वर्षं मी आत जातोय. बारा वर्षं आत कुणी नव्हतं. तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. आम्ही श्वास धरतो, लोकहो. माझी ताई टोपली वाजवते, मी बाहेर येतो. एवढंच आहे हे. आज माझा पाय घसरला. मी पडलो, दम संपला, टोपली ऐकू येत होती पण उठता येत नव्हतं. तेव्हा माझ्या कानाशी कुणीतरी श्वास घेतला आणि तो माझ्या छातीत गेला. मग त्यानं मला नावानं हाक मारली."

"कुणी? नाव सांग!" कुणीतरी वरून ओरडलं.

"येशूनं," मानेस म्हणाला. "लाकडावर ठोकून मारलं तो."

हे नाव त्याच्या तोंडात आलं कुठून, हे तातियाला तेव्हाही कळलं नाही आणि नंतरही नाही. ख्रिस्ताचे लोक गावात होते, रंगाऱ्यांच्या आळीत पाच-पंचवीस घरं. पण देवीला सोडलेला माणूस दिसला की ते रस्ता बदलायचे. मानेसशी त्यांच्यातलं कुणी कधी बोललं नव्हतं.

आधी कुणीतरी हसलं. मग एक वहाण आली, मागोमाग अर्धी खाल्लेली अंजिरं. मानेसनं डोक्यावरची टोपी काढली, कठड्याच्या फाटकाला अडकवली आणि हसत उभा राहिला. लोक मात्र आता तातियाकडे बघत होते, तिच्या हाताखालच्या झाकणाकडे.

३

त्यांची खोली पांढऱ्या कड्याच्या कडेला होती. भिंतीपलीकडून गरम पाण्याचा पाट वाहायचा. त्याचा आवाज सारखा चालू, इतका की तो ऐकू येतो हे विसरायला व्हायचं. वरच्या मजल्यावर मेल्तिनेकाकू राहायच्या. गावातली मढी धुवायची ती त्यांनीच.

दुपारी ग्लीकोन स्वतः आला. बसला नाही.

"कुठाय तो?"

"निजलाय, बाबा."

"निजलाय! माझ्या देवळाची शोभा करून निजलाय!" ग्लीकोननं भिंतीवर मूठ आपटली, मग आवाज खाली आणला. "हे बघ पोरी, मी काही राक्षस नाही. बारा वर्षं पोटाला घातलंय मी तुम्हाला. परवा उत्सव आहे, शहराचे पंच पुढं बसणार. त्यानं आत जायचं, बाहेर यायचं आणि तीन शब्द बोलायचे: 'धनी थोर आहे.' बास. मी सांगेन, वाफ डोक्यात गेली होती. लोक विसरतात."

"आणि नाही बोलला तर?"

"कठड्याचं फाटक मी लावतो, उघडतोही मीच," ग्लीकोन म्हणाला. "परवा तीन शब्द ऐकल्याशिवाय उघडणार नाही. समजाव त्याला. तुझं ऐकतो तो."

तो गेल्यावर तातियानं टोपली उघडली. चिमण्या एका बाजूला गठ्ठा करून बसल्या होत्या, एकमेकींच्या अंगावर चढून. दुसऱ्या बाजूला मानेसनं दिलेली ती एकटी. समोर राळे तसेच. हातात धरलेल्या चिमणीची छाती कशी धडधडते हे तातियाला बोटांना पाठ होतं. तिनं त्या चिमणीला उचललं. चिमणीनं मान वळवून तिच्याकडे बघितलं. छाती हलत नव्हती.

घाबरली असेल, तातिया स्वतःशी म्हणाली. घाबरलं की पाखरू गप्प राहतं. तिनं झाकण लावलं आणि वर पाटा ठेवला.

४

मानेस उताणा निजला होता. ती सवयीनं त्याच्या उशाशी बसली. लहानपणी तो दम्यानं बेजार असायचा. तेव्हापासून त्याचा श्वास ऐकत बसायची तिला खोडच होती.

ती ऐकत बसली. पाट वाहत होता. वर मेल्तिनेकाकू काहीतरी घासत होत्या. दारावर माशी होती. आणि मानेसच्या बाजूनं काहीही ऐकू येत नव्हतं.

तिनं कान त्याच्या तोंडाशी नेला. मग टोपलीच्या तळातून एक पीस काढलं आणि त्याच्या नाकाखाली धरलं. पीस हललं नाही. पाटाच्या वाफेनं ओलं झालं असेल. तिनं ते केसांना पुसलं, स्वतःच्या नाकाखाली धरून बघितलं. फडफडलं. त्याच्या नाकाखाली धरलं. नाही.

अंग मात्र गरम होतं. गालावर रंग होता.

तेवढ्यात तिला श्वास ऐकू आला. सावकाश आत, सावकाश बाहेर. झोपलेल्या माणसाचा, निवांत. तिला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. मग लक्षात आलं की तो तिच्या पाठीमागून येत होता, खोलीच्या कोपऱ्यातून. तिथं फक्त पाण्याचं मडकं होतं.

ती वळली नाही. पाटाचा आवाज आहे, ती मनाशी म्हणत राहिली. भिंतीत कुठंतरी भोक पडलं असेल आणि पाणी त्यातून ओढलं जात असेल. उद्या माती लिंपू.

"ताई," मानेस म्हणाला. त्याचे डोळे उघडे होते. "अजून मोजतेस तू? आता नको मोजूस."

"मग कोण मोजेल रे?"

तो तिच्या खांद्यावरून कोपऱ्याकडे बघून हसला. लहानपणी आई दारात दिसली की हसायचा तसा.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तणतणत रंगाऱ्यांच्या आळीत गेली. त्रोफिमोस हा त्या लोकांचा म्होरक्या, सगळ्या गावाला माहीत. कोपरापर्यंत लाल झालेले हात घेऊन तो रंगाच्या पिंपाशी उभा होता.

"काय खायला घातलंत माझ्या भावाला?" तिनं दारातूनच सुरू केलं. "कधी गाठलंत त्याला? मेल्यांनो, तुम्हाला दुसरं कुणी मिळालं नाही?"

त्रोफिमोसनं तिला आत ओढलं आणि दार लावलं. "हळू बोल, बाई. कालपासून आमची पोरंबाळं घराबाहेर पडली नाहीत. आम्ही ओळखत नाही तुझ्या भावाला. शपथ घ्यायची आम्हाला बंदी आहे, नाहीतर घेतली असती."

"मग तुमचं नाव कसं त्याच्या तोंडात?"

"तेच आम्ही रात्रभर एकमेकांना विचारतोय." तो पिंपाच्या कडेवर बसला. "आमच्यात असं होत नाही. आम्ही तीन तीन वर्षं शिकवतो, मग पाण्यात बुडवतो. हे असं, भर बाजारात..." त्यानं मान हलवली. "हातावरचे वण दिसले का त्याला? खिळ्यांचे?"

"तोंडही दिसलं नाही म्हणतो. नुसता श्वास ऐकला. आणि हाक."

 तातियाला वाटलं होतं तो खूश होईल, छाती फुगवेल. तो आपल्या लाल हातांकडे बघत राहिला.

"ह्या वाटेला लागून चाळीस वर्षं झाली मला," तो म्हणाला. "वडील मेले त्याच्यापायी, दगडांनी. चाळीस वर्षं मी रोज पहाटे त्याला हाका मारतो. मला कधी कुणी ओ दिली नाही. आणि गेला कुणाकडे, तर..." त्यानं तोंड फिरवलं. "जा बाई. तो असेल तर मला तुझ्या भावाचा हेवा वाटतो. आणि तो नसेल, तर मग ते काय आहे, हे मला नाही माहीत. आम्हाला नका अडकवू त्यात."

मदत मिळेल म्हणून ती आली होती. त्याच्याकडे तिच्यापेक्षाही कमी होतं.

६

"तीन शब्द," ती मानेसला म्हणाली. "फक्त तीन. खोटं बोल. बारा वर्षं खोटंच खाल्लं ना आपण?"

तो कड्याच्या कडेला पाय सोडून बसला होता. खाली खोऱ्यात लाओदिकेआची कौलं चमकत होती. तिनं आणलेली भाकरी तशीच होती, ऑलिव्हही. कालपासून त्यानं काही खाल्लं नव्हतं.

"म्हणूनच आता जमत नाही गं."

"मग पळून जाऊ. आत्ता. मी टोपली इथंच टाकते."

"मला जायचंय आत, ताई. तो तिथं आहे."

आता मात्र तिचा बांध फुटला. "माझ्यासाठी तुला कापलं रे! माझा ताप तुझ्या अंगावर काढला आईनं. मी जगले आणि तुला ना बायको, ना पोर, लोक तोंडावर हसतात. बारा वर्षं मी त्याचीच फेड करतेय, तुला जिवंत ठेवतेय. आता तू मरायला निघालास तर माझं काय? मी कशाला वाचले मग?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते बोलणं तोंडाबाहेर पडलं होतं. मानेसनं तिचा हात हातात घेतला.

"माझा राग होता तुझ्यावर," तो म्हणाला. "खूप. दर वेळी टोपली वाजली की वाटायचं, आज नाही बाहेर जायचं, बघू दे हिला. आणि दर वेळी यायचो. तुझी थाप ऐकली की पाय आपोआप वळायचे, मला त्यात काही करताच यायचं नाही. काल तो राग त्यानं काढून घेतला. शोधला तरी सापडत नाही आता."

ती हुंदके देत होती. त्यानं तिचे डोळे पुसले.

"एकच मागतो, देशील?"

"काय?"

"उद्या टोपली वाजवू नकोस. कितीही वेळ झाला तरी. तो मला आणतो की नेतो, त्याचं तो बघेल. तू वाजवू नकोस फक्त. मला वळायला लागेल."

"नाही वाजवणार," ती म्हणाली. तिनं हात त्याच्या छातीवर ठेवून वचन दिलं. हाताखाली काही हललं नाही. तिनं हात लगेच काढून घेतला.

७

उत्सवाच्या सकाळी पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. पंच पुढं गाद्यांवर बसले होते, अंजिरं खात. सगळ्यात वर, खांबाआड, तिला त्रोफिमोसचे लाल हात दिसले. ग्लीकोननं बैल दिला नाही. मानेस एकटाच फाटकातून आत गेला, माहेरी निघालेल्या पोरीसारखा, मागं न बघता. फाटक बंद झालं.

वाफ त्याच्या छातीपर्यंत आली, मग गळ्यापर्यंत. विवराच्या तोंडाशी तो गुडघे टेकून बसला. पातळ दुधात काही बुडावं तसा अंधुक दिसत होता. तातियानं श्वास धरला आणि दोन्ही हात काखेत दाबले.

वेळ गेला. तिनं वाजवलं नाही.

पायऱ्यांवर आधी टवाळी चालली होती. "अरे, तुझा ख्रिस्त वाट चुकला काय?" मग हळूहळू सगळं शांत झालं. पंचांतला एकजण अंजीर तोंडाशी धरून तसाच राहिला. कुठल्याही माणसाचा दम कधीच संपला असता. मानेस बसला होता, ताठ, मान थोडी कलती, कुणाचं तरी ऐकत असल्यासारखा. ग्लीकोनचा हात फाटकाच्या कडीवर गेला आणि तिथंच थांबला.

आता ती वाफ तातियाला नीट दिसायला लागली. ती हलत होती. विवराच्या तोंडाशी सावकाश आत जात होती, सावकाश बाहेर येत होती. मानेसच्या डाव्या अंगाला एक जागा होती, तिथं वाफ शिरत नव्हती. उंची बसलेल्या माणसाएवढी, त्याच्याकडे वाकलेली. तिथं काही नव्हतं. पलीकडचा दगड स्वच्छ दिसत होता. वारा असेल, ती म्हणाली. दगडाला फट असेल.

मग त्या रिकाम्या जागेचा वरचा भाग मानेसकडून वळला, पायऱ्यांकडे.

"तातिया."

मोठ्यानं नव्हे. शेजारची बाई बिया फोडत होती, तिला ऐकू आलं नाही. आवाज बाईचा नव्हता, पुरुषाचा नव्हता. आपलं नाव आजवर कुणी नीट उच्चारलंच नव्हतं, असं तिला वाटलं. सगळं अंग त्या बाजूला ओढलं गेलं. खरं सांगायचं तर तिला जावंसं वाटलं. उठावं, फाटक उघडावं, जाऊन भावाशेजारी बसावं.

आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं की तिनं श्वास अजून सोडलाच नव्हता. मानेस आत गेला तेव्हा धरलेला, तोच. छातीत दुखत नव्हतं. हवा नकोच होती. छाती हलत नव्हती.

त्या भीतीला नाव नाही. तिचे हात काखेतून कधी सुटले ते तिला कळलं नाही. तिनं टोपली बडवली, दोन्ही मुठींनी, झाकण तुटेस्तोवर. तो आवाज, ती हाक बुडून जावी म्हणून. चिमण्या किंचाळत बाहेर उडाल्या.

मानेसची मान वळली. वाफेतून त्याचा चेहरा तिला दिसला. झोपेतून उठवलेल्या पोराचा चेहरा, गोंधळलेला, तिचा स्वतःचा धाकटा भाऊ, दोन दिवसांत पहिल्यांदा.

"आलो, ताई," तो म्हणाला.

म्हणायला त्यानं श्वास घेतला. आणि तोंडावर पडला.

शेजारची ती रिकामी जागा वाफेनं भरून गेली. तातियाच्या छातीत हवा घुसली, इतक्या जोरात की ती पायरीवर आडवी झाली. फाटकाशी ग्लीकोन ओरडत होता, "धनी थोर आहे! धनी थोर आहे!" आणि सगळा गाव त्याच्यामागून ओरडत होता.

८

आकड्यांनी ओढून त्याला बाहेर काढलं. धुवायला मेल्तिनेकाकूच आल्या. त्यांनी दार लावून घेतलं, पाणी घेतलं, बराच वेळ आतून काहीच आवाज आला नाही. मग त्या बाहेर आल्या आणि तातियाजवळ जमिनीवर बसल्या.

"चाळीस वर्षं मढी धुतेय, पोरी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "हा आजचा नाही. पाठीला सगळं रक्त काळं पडलंय, पोट हिरवं झालंय. दोन-तीन दिवस झालेत ह्याला जाऊन. सकाळी तो कसा चालत गेला, ते मला विचारू नकोस. पण तुझा हात नाही ह्यात. एवढं मनाशी धर."

काकू मायेनंच बोलत होत्या. तातियानं मान हलवली. टोपलीच्या तळाशी एकच चिमणी उरली होती, कुशीवर पडलेली, वाळलेली, डोळ्यांच्या जागी मुंग्या.

म्हणजे तो पहिल्या दिवशीच गेला होता. आणि कुणीतरी दोन दिवस त्याच्यासाठी श्वास घेत राहिलं होतं. त्याला हसवलं होतं, कड्यावर बसवलं होतं, तिच्याशी बोलू दिलं होतं. आणखी किती दिवस घेणार होतं? 'आलो, ताई' म्हणाला तो कोण होता? तो तर तिचाच होता. मेलेला माणूस 'आलो' म्हणत नाही.

तिसऱ्या दिवशी त्रोफिमोस दारात आला. आत आला नाही. "त्या दिवशी तू टोपली वाजवलीस," तो म्हणाला, "त्याच्या आधी तू मान वर केलीस. मी बघत होतो. कुणी हाक मारली का तुला?"

त्याच्या डोळ्यांत इतकी भूक होती की तिला बघवेना.

"नाही," ती म्हणाली.

आता चिमण्या दुसरी एक बाई विकते, बैलाबरोबर दुसरा कुणी जातो. तातिया अजून सकाळी कठड्याशी येऊन बसते. ग्लीकोन हाकलत नाही, वेडी म्हणून सोडून देतो. ती श्वास धरते आणि दम संपेपर्यंत ऐकत राहते. छाती फुटायला येते, डोळ्यांपुढं काजवे येतात, शेवटी सोडावाच लागतो. मग पुन्हा धरते. हात मांडीवर असतात, टोपली नाहीच. आता हाक आली तर ती उठणार आहे, फाटकाची कडी कशी निघते ते तिनं बघून ठेवलंय.

आतून काही येत नाही. बैल पडतात, चिमण्या पडतात, वाफ जागच्या जागी असते. तिथं कुणी नाही.